एअरोटर पुन्हा हातात घेताना

विक्रोळीच्या कन्नमवार नगरात माझा दातांचा दवाखाना आहे. एक चेअर, बाहेर चार खुर्च्या. मार्च 2020 मध्ये शटर ओढलं ते थेट जूनच्या शेवटी उघडलं.

मधले तीन महिने फोनवर गेले. अँटिबायोटिक आणि दुखणं थांबवायची गोळी सांगायची, बस्स. पण दाढेच्या मुळाशी पू झाला तर गोळीने तो तेवढ्यापुरता दबतो, दाढ उघडून किंवा काढून त्याला वाट करून द्यावीच लागते. समोरच्या इमारतीतल्या काकूंचा गाल डोळ्यापर्यंत सुजला होता. "अगं, नुसतं बघून तरी घे," म्हणाल्या. माझ्याकडे पीपीई किट नव्हतं, घरात मधुमेही सासूबाई होत्या. मी काकूंना महापालिकेच्या रुग्णालयात पाठवलं. त्यांचा तो आवाज पुढे कित्येक रात्री माझ्या कानात होता.

आमच्या कामात पेशंटने मास्क काढल्याशिवाय काही सुरूच होत नाही. एअरोटर, म्हणजे आमचं दात कोरायचं यंत्र, मिनिटाला तीन-चार लाख फेरे फिरतो, वर पाण्याचा फवारा. लाळ मिसळलेले ते तुषार हवेत राहतात आणि आपला चेहरा तिथून जेमतेम हातभर लांब. म्हणून एसी बंद केला, एक्झॉस्ट फॅन बसवला, रूट कॅनालला रबर डॅम (दाताभोवती ताणून बसवायचा रबरी पडदा) सक्तीचा केला, दोन पेशंटमध्ये मोठी फट ठेवली. दिवसाला दहा-बाराचे तीन झाले. किटचे पैसे मागताना जीभ रेटत नसे. लोकल फक्त अत्यावश्यक सेवेतल्या ठरावीक लोकांसाठी, त्यामुळे बदलापूरची माझी असिस्टंट येऊ शकत नव्हती. उजव्या हातात एअरोटर, डाव्या हातात लाळ-पाणी ओढून घेणारी सक्शनची नळी. रिझर्व्ह बँकेने हप्त्यांना दिलेली सवलत ऑगस्टअखेर संपली, आणि त्या महिन्यांचं व्याज तर चढलंच होतं.

ऑक्टोबरात एका दाढेत अर्धं काम झालं असताना एअरोटरच्या पॅडलवरचा पाय उचलला तो परत ठेवताच येईना. छाती धडधडत होती, किटच्या आत मी घामाने निथळत होते. तात्पुरतं सिमेंट भरून पेशंटला घरी पाठवलं. रात्री कॉलेजच्या मैत्रिणीला फोन केला. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "मी दोन महिने गोळी घेतेय. कुणाला बोलले नाही." तिनेच तिच्या मानसोपचारतज्ज्ञांचा नंबर दिला. (तेव्हा टेली-मानस, म्हणजे मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, नव्हती. 14416 ही मोफत सेवा ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झाली. आता तिथे मराठीतही बोलता येतं.)

चिंता आणि नैराश्य दोन्ही आहे, असं निदान झालं. पहिले काही दिवस गोळीने मळमळ व्हायची, गुण दिसायला तीन आठवडे गेले. जोडीला समुपदेशन होतं, आणि खरं काम तिथे झालं. आधी रिकाम्या दवाखान्यात बसून नुसता एअरोटर चालवायचा. आठवडाभर तेवढंच. मग हाताने करायची कामं, मग लहान फिलिंग. काकूंबद्दल बोलायला चौथी बैठक उजाडली. त्या बऱ्या झाल्या होत्या, तरीही मी रडले.

जानेवारी 2021 मध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांचं लसीकरण सुरू झालं, फेब्रुवारीत लोकल सर्वांसाठी सुटली, असिस्टंट परतली. दुसऱ्या लाटेनंतर एक मधुमेही गृहस्थ आले. नुकताच कोविड होऊन गेलेला, वरचे तीन दात अचानक हलायला लागलेले, टाळूवर काळसर डाग. म्युकरमायकोसिसची, म्हणजे काळ्या बुरशीची, शंका येताच त्यांना त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात पाठवलं. काकूंना पाठवलं होतं तसंच. पण या वेळी तोंड उघडून, नीट बघून.

माझी मैत्रीण मात्र परतली नाही. तिने चेअर विकली. आता ती विमा कंपनीत क्लेम तपासते. उत्तम हात होता तिचा, कॉलेजात आम्ही सगळ्या तिच्याकडे बघून शिकायचो.

माझी गोळी 2022 च्या पावसाळ्यात, मात्रा हळूहळू कमी करत, बंद झाली. एक्झॉस्ट फॅन अजून चालू असतो.