उपग्रहांच्या रेषा: कुठवर आले

मागच्या नोंदीत लिहिलं होतं की आता अंतराळ स्थानक सोडून अंधुक उपग्रहांच्या रेषा फोटोत टिपायच्या मागे लागायचं. लागले, आणि पहिले पाच-सहा प्रयत्न वाया गेले. डोळ्यांना स्पष्ट दिसलेला तिसऱ्या-चौथ्या प्रतीचा (प्रत म्हणजे तेजाची श्रेणी, आकडा वाढला की तेज कमी) उपग्रह फोटोत जेमतेम ओरखड्यासारखा यायचा. मी दर वेळी एक्स्पोजर वाढवत गेले, १० सेकंदांचे २०, मग ३०. आकाश पांढुरकं होत गेलं आणि रेष होती तिथेच.

कागदावर मांडल्यावर चूक कळली. स्थानक डोक्यावरून जाताना सेकंदाला साधारण एक अंश सरकतं. माझ्या १४ मिमी लेन्सवर त्याचा अर्थ सेकंदाला चाळीसेक पिक्सेल. एकेका पिक्सेलवर प्रकाश पडतो तो सेकंदाच्या चाळिसाव्या भागापुरता, मग शटर ५ सेकंद उघडं ठेवा नाहीतर ५०. एक्स्पोजर वाढवलं की रेष फक्त लांब होते. उजळतं ते मागचं आकाश. रेष उजळायची तर अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, उघडा किंवा आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची संवेदनशीलता, वाढवा. (आयएसओने जास्तीचा प्रकाश येत नाही, हे मान्य. पण अंधुक रेष फोटोतल्या दाणेदार गोंगाटातून वर काढायला माझ्या कॅमेऱ्यात तरी मदत होते.) स्थानक शुक्राच्या तोडीचं चमकतं, म्हणून इतके दिवस ही चूक झाकली गेली.

आता अ‍ॅपर्चर एफ २.८, आयएसओ १६००, आठ-आठ सेकंदांच्या फ्रेम्स, रिमोटचं बटण अडकवून एकामागोमाग. नंतर ‘लाइटन’ पद्धतीने (प्रत्येक ठिकाणी सगळ्यांत उजळ पिक्सेल ठेवून) एकावर एक. फ्रेम्सच्या मधल्या अर्ध्या सेकंदाच्या फटी रेषेत दिसतात. मला त्या खटकत नाहीत, कुणी ब्रशने बुजवतात ते मात्र खटकतं.

एक गाढवपणाही नोंदवते. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन चालू राहिलं होतं. प्रत्येक फ्रेमनंतर कॅमेरा तेवढाच वेळ शटर बंद ठेवून दुसरी, काळी फ्रेम घेतो. त्या दिवशी स्थानकाची अर्धी वाट कॅमेऱ्याने डोळे मिटून घालवली.

दुसऱ्या एका संध्याकाळी स्थानक दोन मिनिटं उशिरा उगवलं आणि मी तोवर ट्रायपॉड दुसरीकडे वळवून बसले होते. फोनमधली टीएलई (उपग्रहाच्या कक्षेचे आकडे, ज्यांवरून त्याची वेळ काढतात) चार दिवसांची शिळी होती आणि मधल्या काळात स्थानकाची कक्षा उचलली गेली होती. कक्षा दीडेक किलोमीटर वर गेली तर एका फेरीला जेमतेम दोन सेकंद जास्त लागतात. पण दिवसाला साडेपंधरा फेऱ्या, म्हणजे रोजचा अर्ध्या मिनिटाचा फरक. उलट, नुसत्या हवेच्या घर्षणाने कक्षा खाली येत असेल तर ते वेळेआधी हजर होतं. आता निघण्यापूर्वी टीएलई ताजी करते.

या महिन्यातली सगळ्यात आवडती फ्रेम मात्र स्थानकाची नाही. हंस तारकासमूहातून उत्तरेकडे जाणारा रॉकेटचा एक रिकामा टप्पा, कोलांट्या खात जाणारा. १० सेकंदांच्या एकाच फ्रेममध्ये रेषेवर पाच फुगीर ठिपके. दोन ठिपक्यांमधलं अंतर रेषेच्या एक पंचमांश, म्हणजे दर दोन सेकंदांनी लखलख. मी लगेच ‘दोन सेकंदांत एक गिरकी’ असं वहीत लिहून मोकळी झाले होते, पण नळकांड्याच्या दोन्ही बाजू चमकत असतील तर एका गिरकीत दोन लखलखाटी, आणि गिरकी चार सेकंदांची. ठिपके आलटूनपालटून ठळक-फिके दिसतात, त्यामुळे मी चारच्या बाजूने आहे. पृथ्वीच्या सावलीत शिरताना शेवटचा ठिपका तांबूस आलाय. एकाच ठिपक्यावर मी फार विसंबणार नाही, पण स्थानकाच्या रेषांची टोकंही अशीच लालसर होत विरतात.

नुकत्याच सोडलेल्या स्टारलिंक उपग्रहांच्या माळेचा योग अजून आलेला नाही. चंद्रबिंबावरून स्थानक जाताना टिपायची तयारी चालू आहे. जिथून ते दिसतं तो पट्टा जेमतेम काही किलोमीटर रुंद, आणि स्थानक आकाशात उंच असलं तर सगळा खेळ अर्ध्या-पाऊण सेकंदाचा. एकेक फोटो काढण्यात अर्थ नाही, व्हिडिओच घेणार. शटर सेकंदाच्या हजाराव्या भागापासून सुरू करून बघते.