तुम्ही विचारलंत म्हणून: हिरडीत औषध भरलं की सफाई टळते का?

"मॅडम, ते खरवडणं नको. हिरडीत औषध भरतात म्हणे, तेच भरा ना."

आठवड्यातून एकदा तरी हे मला कुणीतरी म्हणतंच. कुणाच्या भावाला असं औषध घातलेलं असतं, कुणी मोबाइलवर पाहिलेलं असतं. मी हिरड्यांची डॉक्टर आहे, हे औषध स्वतःच्या हाताने घालते, आणि तरीही माझं उत्तर 'नाही' असतं. खुर्चीत तोंड उघडून बसलेल्या माणसाला सगळं नीट सांगता येत नाही, म्हणून इथे सांगते.

आधी औषध जातं कुठे ते बघू. निरोगी दाताभोवती हिरडीची फट एक ते तीन मिलिमीटर असते. कीटण हिरडीखाली उतरलं की हिरडी दातापासून सुटत जाते, आतलं हाड झिजतं आणि फट खोल होते. तिला आम्ही पॉकेट म्हणतो. पाच-सहा मिलिमीटरच्या पॉकेटच्या तळाशी ब्रश पोचत नाही. गुळण्यांचं पाणीही काठावरूनच परत फिरतं. त्यात हिरडीतून सतत एक द्रव पाझरत असतो. पाच मिलिमीटरच्या पॉकेटमधला हा द्रव तासाला सुमारे 40 वेळा बदलतो. म्हणजे सुईने आत औषध सोडलं, तरी थोड्या मिनिटांत ते बाहेर वाहून गेलेलं असतं.

मग गोळ्या का नकोत? अमॉक्सिसिलिनची 500 मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा, आठवडाभर घेतली तर 10,500 मिलिग्रॅम औषध पोटात जातं. ते अंगभर फिरतं आणि त्यातला अगदी थोडा अंश हिरडीत पोचतो. काही रुग्णांना गोळ्या लागतातच. पण दोन-तीन दातांच्या दुखण्यासाठी एवढं औषध घेणं मला पटत नाही.

बॉस्टनच्या फोर्सिथ संस्थेतल्या मॅक्स गुडसन यांनी यावर वेगळा विचार केला. 1979 साली त्यांनी टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक (अँटिबायोटिक) भरलेले पोकळ धागे पॉकेटमध्ये ठेवून पाहिले. औषध वाहून जातंय ना, मग त्याचा साठाच आत ठेवू आणि तो हळूहळू झिरपू दे, ही त्यामागची कल्पना. पुढे दहा दिवस औषध सोडणारा धागा बाजारात आला, पण तो डॉक्टरकडे जाऊन काढावा लागे. नंतर विरघळणारी चिप आली. नखाहूनही लहान, चार बाय पाच मिलिमीटरची, आत क्लोरहेक्सिडीन हे जंतुनाशक फक्त अडीच मिलिग्रॅम. ते सात ते दहा दिवस तिथल्या तिथे काम करतं. वरच्या गोळ्यांच्या हिशेबाशेजारी हा आकडा ठेवून बघा. मला आजही तो आकडा विलक्षण वाटतो.

असं असूनही नुसती चिप का चालत नाही? पॉकेटमधले जंतू सुटे नसतात. दाताच्या मुळावर, कीटणाच्या खडबडीत पृष्ठावर ते चिकट थर करून राहतात, आणि त्या थराच्या आतपर्यंत औषध पुरेसं पोचत नाही. गावातली पाण्याची टाकी आठवा. भिंतींवर शेवाळाचा थर असताना वरून पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर टाकली तर काय उपयोग? आधी टाकी घासावी लागते.

हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण शिकले एका रुग्णामुळे. प्रॅक्टिसची पहिली वर्षं होती. एक काका सफाईला फार घाबरायचे. मी मुळांची सफाई अर्धवट सोडली आणि धागा भरला. तीन महिन्यांनी ते त्याच दाताला गळू घेऊन आले. दात काढावा लागला. चूक माझी होती. तेव्हापासून कुणी कितीही गळ घातली तरी आधी सफाई, मग औषध हा क्रम मी बदलत नाही. बधिर करून सफाई केली तर दुखत नाही, हेही तेव्हाच त्यांना नीट सांगायला हवं होतं.

फायदा किती, तेही खरं सांगते. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांत हिशेब आहे: मुळांच्या सफाईने हिरडीची पकड सरासरी अर्धा मिलिमीटर सुधारते, आणि सोबत क्लोरहेक्सिडीनची चिप घातली तर त्यावर साधारण 0.40 मिलिमीटरची भर पडते. आकडा छोटा आहे. म्हणून मी तोंडभर चिपा भरत नाही. सफाईनंतर काही आठवड्यांनी पुन्हा मोजते, आणि ज्या एखाद-दुसऱ्या जागी पॉकेट पाच मिलिमीटर किंवा जास्त आहे, रक्तही येतंय, तिथेच घालते. तशा जागा बऱ्याच असतील तर शस्त्रक्रियेचं बोलते.

एक गोष्ट मी न विचारता सांगते. चिप जिलेटिनची असेल तर ते प्राणिज असतं. आपल्याकडच्या काही चिपा माशाच्या कोलॅजेनपासून बनतात. समोर माळकरी किंवा जैन माणूस बसलेला असताना हे न सांगता त्याच्या तोंडात घालणं मला चुकीचं वाटतं. झँथन गमवर बनवलेली क्लोरहेक्सिडीनची जेल त्यांना चालू शकते. टेट्रासायक्लिनचा धागा गरोदर बाईला देत नाही, ॲलर्जी असेल त्यालाही नाही.

आणि मशेरी. सकाळी मशेरी लावल्याशिवाय ज्यांचा दिवस सुरू होत नाही अशा कितीतरी मावश्या माझ्याकडे येतात. तंबाखूने हिरडीचा रक्तपुरवठा कमी होतो, रक्त कमी दिसतं, आणि आजार आत वाढत असताना सगळं ठीक आहे असं वाटतं. भाजलेला तंबाखू रोज हिरडीवर चोळायचा आणि वर अडीच मिलिग्रॅमच्या चिपेने बरं व्हायचं, हे होत नाही. साखर वाढलेली असेल तरी तेच. आधी ती आटोक्यात आणा. हिरड्या सुधारल्या तर साखरेलाही थोडी मदत होते.

एवढं सगळं होऊन चिप घातलीच, तर दहा दिवस त्या जागी दात साफ करायचा धागा (फ्लॉस) फिरवायचा नाही, त्या बाजूने चिक्की, चकली, कडक भाकरी खायची नाही, बोट लावून बघायचं नाही. बाकी दात रोजच्यासारखे घासायचे. थोडं ठणकलं तर घाबरू नका, सूज आली तर लगेच फोन करा. आणि तीन महिन्यांनी या. त्याच जागी पुन्हा काडी घालून मोजू.