टिंब

कोर्ट नाक्याजवळ माझं टेबल आहे. त्याला ऑफिस म्हणणं जरा जास्तच होईल. एका वकिलाच्या केबिनबाहेरची जागा, त्यात एक टेबललॅम्प, दोन भिंगं आणि पाठीमागे पावसाळाभर ओल धरणारी भिंत. काम मोडी वाचायचं. पुराभिलेख खात्याचा दहा दिवसांचा वर्ग केला, परीक्षा दिली, आणि मग खरं वाचायला यायला सहा-सात वर्षं गेली.

पूर्वी आठवड्याला दोन गिऱ्हाइकं यायची. जुनं खरेदीखत, वाटणीपत्र असलं काही घेऊन. 2023 च्या सप्टेंबरात कुणबी नोंदींसाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि तेव्हापासून टेबलापुढची खुर्ची रिकामी राहत नाही. लोक कोतवाल बुकाच्या, म्हणजे गाव नमुना 14 च्या नकला आणतात. जन्ममृत्यूच्या त्या नोंदींत एखादा ‘कु’ असतो, किंवा असावासा वाटतो. चार माणसं श्वास रोखून त्या एका अक्षराकडे बघत राहतात. ते मी त्यांना हवं तसं वाचावं, असं प्रत्येकाला वाटतं. मी तसं वाचत नाही. निदान माझा तसा समज होता.

गेल्या जुलैतली गोष्ट. त्या दिवशी स्टेशनपासून पाणी भरलं होतं, म्हणून गर्दी नव्हती. अकराच्या सुमारास माझ्याच वयाच्या एक बाई आल्या, कळव्याच्या. बरोबर सतरा वर्षांची भाची. पोरगी इंग्लंडात जन्मलेली, तिथेच शिकणारी. आजोबा फेब्रुवारीत गेले, तेव्हा परीक्षेमुळे तिला येता आलं नव्हतं, म्हणून सुट्टीत आली होती. आत्याने माळ्यावरून ट्रंक काढली आणि त्यात एक कार्ड निघालं.

“मला बोलता येतं,” पोरगी बसायच्या आधीच म्हणाली. “वाचता नाही येत. सॉरी.”

सॉरी कशाला, मी म्हटलं, हे तर तुझ्या आत्यालाही वाचता येत नाही. त्यावर ती पहिल्यांदा हसली.

कार्ड करड्या रंगाचं, जाडसर. एका बाजूला छापील परदेशी अक्षरं आणि शिक्के, दुसऱ्या बाजूला सहा ओळी मोडी. छापील बाजू मला कळेना. पोरीने कार्ड माझ्या हातून घेतलं आणि सहज वाचलं, “क्रीग्सगेफांगेननपोस्ट. म्हणजे युद्धातल्या कैद्यांचं टपाल. एप्रिल 1944.” शाळेत तिला जर्मन होतं. पुढच्या वर्षी सोडणार होती म्हणे. तिने कार्ड उलटं करून माझ्यापुढे ठेवलं. “आता तुमची बाजू.”

हे कार्ड पाठवणारा तिचा पणजोबा. पोलादपूरच्या वरच्या अंगाचं गाव, मराठा पलटणीत शिपाई. घरात एवढंच माहीत होतं की तो लढाईवर गेला, कैद झाला, सुटून परत आला आणि बायकोने त्याला घरात घेतलं नाही.

“आमच्याकडे नाव घ्यायचे ते यशवंत घाडग्यांचं,” आत्या म्हणाल्या. “माणगावात पुतळा आहे त्यांचा. इटलीत पडले, व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आमच्या आजोबांचा विषय निघाला की अण्णा उठून गॅलरीत जायचे.” अण्णा म्हणजे त्यांचे वडील, पोरीचे आजोबा. बाप लढाईवर गेला तेव्हा ते पोटात होते.

मोडीबद्दल इथे थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. मोडीत आधी कागदभर शिरोरेघ ओढतात आणि मग तिला अक्षरं लटकवतात. शब्द संपला म्हणून हात उचलत नाहीत. दोन शब्दांत जागा नाही, पूर्णविराम नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. अनुस्वार तर लिहिणाऱ्याच्या मर्जीवर. वाचणाऱ्याने संदर्भ पाहून शब्द तोडायचे असतात, आणि सगळी जोखीम त्या तोडण्यातच असते.

कार्डावर ओळींच्या वर कुणीतरी बारीक पेन्सिलीने बाळबोधीत, म्हणजे साध्या देवनागरीत लिहून ठेवलं होतं. आधीच्या वाचकाने केलेलं लिप्यंतर. असं पुष्कळदा सापडतं, गावच्या गुरुजींनी वगैरे केलेलं. मला बरंच वाटलं, काम हलकं झालं. मी मूळ ओळींवर भिंग फिरवत मोठ्याने वाचत गेले. सर्वांस नमस्कार. मी खुशाल आहे. थंडी फार. आणि मग, “दोन वरसे जाली. मला खंत नाही. मुलास जपणे.”

आत्यांनी मान हलवली. “हेच. हेच आम्ही ऐकत आलो. आजी सांगायची, त्यांनी तिकडून लिहून कळवलं की मला काही वाटत नाही, पोराला तू बघ. तिकडे कुणी मडम होती, असं गावात बोलायचे. आजी अण्णांना घेऊन ठाण्याला भावाकडे आली, खारकर आळीत. ते पंचेचाळीस साली परत आले आणि तिला न्यायला आले. उंबऱ्याशी बसले, चहा प्यायले आणि गेले. अण्णा चार वर्षांचे होते. त्यांना तो चहाचा कप आठवायचा, माणूस नाही.”

पोरगी काही बोलली नाही. जरा वेळाने म्हणाली, “आमच्या शाळेत नोव्हेंबरमध्ये युद्धात गेलेल्यांसाठी दोन मिनिटं उभं राहतात. मुलं सांगतात, आमचे ग्रेट-ग्रँडफादर इथे होते, तिथे होते. मी म्हणायचे, आमचं कुणी नव्हतं.”

मी लिप्यंतर लिहायला कागद ओढला. तेवढ्यात तिने पाठपिशवीतून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं आणखी एक पत्र काढलं. आदल्या आठवड्यात ती हट्टाने गावी जाऊन आली होती. तिथे चुलत घरी देव्हाऱ्याच्या फळीमागे ते होतं. पणजोबाने आपल्या थोरल्या भावाला लिहिलेलं, 1942 च्या फेब्रुवारीतलं. ठाण्याच्या घराने ते कधी पाहिलेलंच नव्हतं. वर पत्ता होता, 2/5 मराठा.

ते वाचताना मला हसू आलं. ‘तुमचे खत पावले. आबा मोहरला असेल.’ आबा कसा मोहरेल? आंबा. हा माणूस अनुस्वार देतच नव्हता.

मी पुढच्या ओळीवर गेले होते. पोरीचं बोट मात्र पहिल्या ओळीवरच होतं. तिने कार्ड शेजारी सरकवलं आणि माझं भिंग उचलून एकदा इकडे, एकदा तिकडे धरलं.

“काकू, हे आणि हे एकच चित्र आहे.”

तिला वाचता येत नव्हतं, म्हणून तिला चित्र दिसलं. ख आणि त एका दमात ओढलेले, त ची शेपटी पुढच्या अक्षराच्या पोटाखालून गेलेली. दोन्हीकडे तंतोतंत तेच. पत्रात तो शब्द ‘खत’ होता, त्याबद्दल वादच नाही: तुमचे खत पावले. कार्डावर मी तो ‘खंत’ वाचला होता. मूळ शाईत तिथे टिंब नव्हतं. टिंब होतं ते वरच्या पेन्सिलीत, चांगलं दाबून दिलेलं.

मला खत नाही. मला पत्र नाही.

कान गरम होणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. रोज खरेदीखत, बक्षीसखत वाचणारी मी. पण नुसतं खत म्हटलं की आपल्याला शेण आठवतं. पोलादपूरचा शेतकरी पत्राला कागद म्हणेल, पत्र म्हणेल, खत कशाला म्हणेल? म्हणेल, कारण तो पलटणीत होता. तिथे हिंदुस्तानी चालायची, सरकार ती रोमन अक्षरांत शिपायांना शिकवायचं. दोन वर्षांत माणसाची बोली बदलते. समोर बसलेली पोरगी त्याचा पुरावाच होती. पत्राला ती ‘लेटर’ म्हणत होती.

मग ‘दोन वरसे’ म्हणजे काय, हेही उलगडलं. तिने मोबाइलवर 2/5 मराठा टाकलं. ही पलटण अकराव्या हिंदी ब्रिगेडमध्ये, लिबियातल्या टोब्रुकला होती. 21 जून 1942 ला टोब्रुक जर्मन सेनापती रोमेलच्या हाती पडलं, तेहतीस हजारांच्या आसपास माणसं कैद झाली. टोब्रुक तिला ऐकून माहीत होतं. त्यात मराठे होते, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. हिंदी कैदी आधी इटलीत नेले. 8 सप्टेंबर 1943 ला इटलीने शस्त्रं ठेवल्याचं जाहीर झालं, तेव्हा जर्मनांनी तिथल्या छावण्या ताब्यात घेतल्या आणि हजारो कैदी उत्तरेला हलवले. टपाल त्यांच्या मागे मागे कुठे कुठे फिरलं असेल!

“आजी म्हणायची,” आत्या सावकाश म्हणाल्या, “मी गुरुजींकडून लिहून घेऊन तीनदा पत्र टाकलं.”

कार्डावरच्या शिक्क्यात ‘फ्रंटश्टालाग 315’ होतं. पोरीने तेही शोधलं. फ्रान्समधलं एपिनाल. 11 मे 1944 ला अमेरिकी विमानांच्या बॉम्बनी त्या छावणीच्या भिंती पडल्या, हिंदी कैदी बाहेर पळाले आणि त्यातले पाचशेच्या आसपास चालत, लपत स्वित्झर्लंडला पोचले. म्हणजे हे कार्ड लिहिल्यावर महिन्याभरातच. आपला माणूस त्या पाचशेंत होता का, हे विचारायला जिनिव्हाला रेड क्रॉसकडे अर्ज करता येतो, हेही तिने तिथल्या तिथे वाचून काढलं. आत्याला म्हणाली, “जर्मन नाही सोडत मी.” आत्यांना ते ऐकूच गेलं नाही. त्या कार्डाकडे वाकून बघत होत्या.

“मॅडम, हा दिवा जरा जवळ करता?”

मी केला.

“हे गुरुजींचं नाही. हे अण्णांचं अक्षर आहे.”

मी विचारलं, त्यांना मोडी येत होती?

“तीस वर्षं सिटी सर्व्हेत कारकून होते. येत असणार. घरी कधी बोलले नाहीत.” त्यांनी अंगठा पेन्सिलीच्या ओळीजवळ नेला, पण टेकवला नाही. “कधी वाचलं असेल हो? आम्ही सगळे झोपल्यावर?”

लहानपणापासून ऐकलेलं वाक्य त्या माणसाने बापाच्या अक्षरात शोधलं आणि त्याला ते सापडलं. त्याला दोष कसा देऊ? तीस वर्षं दप्तर वाचणारा माणूस तो. आणि मी तर त्याच्या टिंबावर विसंबून अर्ध्या मिनिटात मोकळी झाले होते, तेही फी घेऊन.

पोरीने विचारलं, ते टिंब खोडायचं का?

मूळ कागदाला रबर लावायचा नसतो, मी म्हटलं. ते तुझ्या आजोबांचं आहे, राहू दे. मी लिप्यंतरात ‘खत’ लिहिलं आणि खाली टीप दिली: मुळात अनुस्वार नाही, याच हातच्या 1942 च्या पत्रात हाच शब्द पत्र या अर्थी. वर पेन्सिलीत ‘खंत’ असे वाचन आहे. सही केली, शिक्का मारला. कार्डाची झेरॉक्स काढून तिला दिली, तिच्यावर काय करायचं ते कर म्हणून.

तिने ती टेबलावर ठेवून माझी पेन्सिल घेतली. समासात तो शब्द हळूहळू उतरवला. लिहिला म्हणता येणार नाही, रांगोळी काढावी तसा काढला. शिरोरेघ तिने शेवटी दिली. मोडीत ती आधी असते, पण मी बोलले नाही.

“नोव्हेंबरमध्ये काय सांगशील?” आत्यांनी विचारलं.

“ते तर मेले नाहीत ना युद्धात,” ती म्हणाली. “तिथे मेलेल्यांचंच सांगतात.” मग थोडं थांबून, “बघते.”

आत्या पर्समधून पैसे काढत होत्या. मी एकाच पानाचे घेतले. त्या नको नको म्हणत असताना मागे एक गृहस्थ ओली छत्री झटकत उभे राहिले. हातात कोतवाल बुकाची नक्कल होती आणि तिच्यावर लाल पेनाने गोल केलेला.

“मॅडम, हा बघा, ‘कु’च आहे ना?”

“तो गोल झाका आधी,” मी म्हटलं. “आणि मला काही सांगू नका.”