ऑगस्टात श्रीलंका? जा, पण पूर्वेकडे

ऑगस्टात श्रीलंकेला निघालोय म्हटल्यावर फोंड्यातल्या शेजाऱ्यांनी विचारलं, "इथला पाऊस कमी पडला काय?"

प्रश्न रास्त होता. नैर्ऋत्य मोसमी वारा तिथेही येतोच. मे ते सप्टेंबर पश्चिम-दक्षिण किनाऱ्यावरच्या गॉल, हिक्कडुवा, मिरिस्सा इथला समुद्र आपल्या कळंगुटसारखाच खवळलेला. पण बेटाच्या पोटात डोंगर आहेत. चोर्ला घाट चढून बेळगाव मागे टाकलं की धारवाडकडे पाऊस विरळ होत जातो ना, तसंच तिथे होतं. वाऱ्यातलं पाणी पश्चिम उतारावरच सांडतं आणि पूर्वेला पोचतो तो कोरडा, तापलेला वारा. त्रिंकोमाली, निलावेली, अरुगम बे यांचा हंगाम म्हणूनच नेमका आपल्या पावसाळ्यात. 'श्रीलंकेचा सीझन डिसेंबर ते मार्च' हे एजंटांचं वाक्य पश्चिम-दक्षिण किनाऱ्यापुरतं खरं. डिसेंबरात त्रिंकोमालीला गेलात तर ईशान्य मोसमी पावसात सापडाल.

आम्ही चेन्नईमार्गे गेलो. विमानतळ कोलंबोजवळ, पश्चिमेला, त्यामुळे उतरताना सर आली तर घाबरू नका. कोलंबोत न रेंगाळता दांबुल्ला-हबरानाकडे निघालो. तिथून रस्त्याकडेची झाडं सुकी दिसू लागतात. सिगिरियाचा खडक पाचव्या शतकातल्या कश्यप राजाचा, पायऱ्या बाराशेच्या आसपास. दार उघडताच चढा. नऊनंतर लोखंडी जिन्यावर ऊन आणि रांग दोन्ही भाजतात.

या मोसमातलं खरं वैभव मिन्नेरियाचं. कोरड्या दिवसांत या प्राचीन तलावाचं पाणी ओसरतं, मोकळ्या झालेल्या काठावर कोवळं गवत येतं आणि आसपासच्या जंगलांतून हत्ती तिथे जमतात. जुलै ते सप्टेंबर हा त्याचा काळ. एका नजरेत एवढे हत्ती मी कधी पाहिले नव्हते. पिल्लं तर आयांच्या पायांत घोटाळत होती. सफारी दुपारची घ्या. कळप कधी मिन्नेरियात असतो, कधी शेजारच्या कौडुल्लात, तेव्हा जीप ठरवण्याआधी हबरानात त्या दिवसाची खबर काढा. आणि हत्तींना जीपचा वेढा पडू लागला तर आपल्या चालकाला मागे थांबायला सांगा. तो ऐकतो.

हबरानाहून त्रिंकोमाली दोनेक तास. कोणेश्वराचं देऊळ समुद्रात घुसलेल्या कड्यावर आहे, संध्याकाळी जा. निलावेलीचं पाणी शांत आणि नितळ. आमच्या गोव्याच्या किनाऱ्यांवर तेव्हा 'पाण्यात उतरू नका' सांगणारे लाल बावटे लागलेले असतात. समोरच्या पिजन आयलंड बेटावर प्रवाळ बघायचे तर सकाळी लवकरची बोट धरा, दुपारी वारा वाढतो. प्रवाळावर पाय ठेवू नका.

जेवणाची गोंयकारांना चिंता नाही: नारळ, मासळी, भात. 'अंबुल थियल' या मासळीच्या पदार्थात गोरका घालतात, तो आपल्या सोलांचा भाऊबंदच. तिखट मात्र जपून.

तारखा ठरवताना कॅलेंडरात पौर्णिमा बघा. तिथे दर पौर्णिमेला 'पोया'ची सुट्टी असते आणि दारू विकत नाहीत. कॅंडीचा एसला पेराहेरा हा बुद्धाच्या दंतधातूच्या मंदिराचा हत्ती-मशालींचा उत्सव जुलै-ऑगस्टात येतो. बघायचाच असेल तर खोली महिनोन् महिने आधी पकडा. नसेल तर त्या दिवसांत कॅंडी टाळा, भाडी अवाच्या सवा होतात.

ईटीए ही प्रवेश-परवानगी निघण्याआधी ऑनलाइन काढा. शुल्काचे नियम बदलत असतात, ते सरकारी संकेतस्थळावरच पाहा. मध्यस्थांची संकेतस्थळं जास्तीचे पैसे लावतात. देवळांसाठी खांदे-गुडघे झाकणारे कपडे हवेत. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढू नका, तिथे ते अपमानाचं मानतात. बाकी टोपी आणि भरपूर पाणी.

परतीचं तिकीट गणेश चवथीच्या बरंच आधीचं घ्या. त्या आठवड्यात गोव्याची विमानं महागतात, आणि माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या फळाफुलांचं, सामान आणायला घरात माणूस लागतो.