ऑरगॅनिक दूध घ्यायचं, तर आधी ढेपेचं विचारा

यंदा उन्हाळ्यात नागपूरला आले, तर जो भेटेल तो मला दुधाचंच विचारतोय. मी राहते अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, मॅडिसनला. ते राज्य दुधासाठीच ओळखलं जातं, गाड्यांच्या नंबर प्लेटवरसुद्धा ‘अमेरिकाज डेअरीलँड’ असं छापलेलं असतं. शिवाय घरात दोन दूध पिणारी मुलं. तेव्हा धरमपेठेतल्या मैत्रिणीला आणि मानेवाड्याच्या मावशीला वाटतं, हिला नक्की ठाऊक असणार.

सगळ्यात नेमका प्रश्न आमच्या वहिनीचा होता. भाचा नुकताच वर्षाचा झालाय. “ताई, त्याला आता वरचं दूध सुरू करायचं आहे. पाकिटाचं घेऊ, आपल्या गवळीभाऊंचं घेऊ, की ते काचेच्या बाटलीतलं ऑरगॅनिक? तुम्ही तिकडे मुलांना काय देता?” बाटलीचा भाव पाकिटाच्या दुपटीच्या जवळ जातो आणि पिशवीभर जाहिरातीची पत्रकं घरी येऊन पडलेली. आई म्हणून तिच्या मनावर त्याचं ओझं आहे, ते मला दिसत होतं. म्हणून हे जरा सविस्तर लिहिते आहे.

आधी तिकडचं सांगते. अमेरिकेत ऑरगॅनिक हा शब्द दुधाच्या डब्यावर कुणालाही छापता येत नाही. त्यासाठी १९९० चा कायदा आहे, आणि देशभर एकच नियमावली २००२ पासून लागू आहे. जमिनीवर सलग तीन वर्षं बंदी असलेलं रासायनिक खत किंवा कीटकनाशक पडलेलं नसावं. गाईचा चारा आणि खुराक पूर्ण ऑरगॅनिक असावा. जनुकबदल केलेल्या पिकाचा दाणाही चालत नाही. दूध वाढवणारी संप्रेरकांची इंजेक्शनं नाहीत. आणि २०१० पासून एक फार चांगला नियम आला: चराईच्या हंगामात वर्षातले किमान १२० दिवस गाय कुरणात चरली पाहिजे, आणि त्या काळात तिच्या सुक्या आहारापैकी निदान ३० टक्के वाटा त्या चरण्यातूनच आला पाहिजे. दरवर्षी तपासनीस शेतावर येतो, खरेदीच्या पावत्या बघतो.

गाय आजारी पडली तर? तिला औषध द्यावंच लागतं, ऑरगॅनिकचा शिक्का टिकवण्यासाठी उपचार टाळणं नियमात बसत नाही. पण प्रतिजैविक दिलं की ती गाय ऑरगॅनिक कळपातून कायमची बाहेर.

आता दुसरी बाजू. साध्या दुधात प्रतिजैविकं असतात, असं इथे बऱ्याच जणांनी मला ठामपणे सांगितलं. अमेरिकेपुरतं तरी ते खरं नाही. तिथे साध्या दुधाचाही प्रत्येक टँकर उतरवण्याआधी पेनिसिलिनच्या गटातल्या औषधांसाठी तपासतात, आणि अंश सापडला तर अख्खा टँकर ओतून देतात. पोषणाचं म्हणाल तर अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्ये स्पष्ट सांगितलं की ऑरगॅनिक आणि साध्या दुधात मुलांच्या तब्येतीला जाणवेल असा फरक दिसत नाही. २०१६ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा ऑरगॅनिक दुधात ओमेगा-३ सुमारे ५० टक्क्यांनी जास्त आढळलं. आकडा मोठा वाटतो. पण दुधात ओमेगा-३ मुळातच थोडं, त्याच्या दीडपट झालं तरी थोडंच. जवसाची चटणी खाणाऱ्या आपल्या घरांनी त्यासाठी दुप्पट पैसे मोजायची गरज नाही.

मग आम्ही मॅडिसनला ऑरगॅनिक का घेतो? त्या १२० दिवसांसाठी. आमच्या भागातली बरीच लहान शेतं याच भावावर तग धरून आहेत. ऑरगॅनिक व्हॅली ही शेतकऱ्यांची सहकारी संस्था विस्कॉन्सिनच्याच ला फार्ज गावात १९८८ मध्ये सुरू झाली. उन्हाळ्यात मॅडिसनच्या बाहेर गाडी काढली की त्या गाई कुरणात चरताना दिसतात, आणि मुलांना ते दाखवता येतं. दुप्पट पैसे त्यासाठी देतो. ज्या महिन्यात हात आखडता असेल त्या महिन्यात साधं दूध आणतो, आणि मुलांना काही कमी दिलं असं मला एकदाही वाटलेलं नाही.

एक गोष्ट मात्र तिकडे नव्याने येणाऱ्या प्रत्येक मराठी घराला सांगावी अशी. ऑरगॅनिक दुधाचे बरेचसे डबे ‘अल्ट्रा-पाश्चराइज्ड’ असतात. साधं पाश्चरीकरण ७२ अंशांवर १५ सेकंद, हे मात्र सुमारे १३८ अंशांवर दोन सेकंद. त्यामुळे डबा फोडला नाही तर फ्रिजमध्ये कितीतरी आठवडे टिकतो, आणि दुकानदाराला तेच सोयीचं. पण एवढ्या उष्णतेने दुधातल्या प्रथिनांची घडण बदलते. अशा दुधाचं पनीर नीट बांधून येत नाही, भुगा होतो. दह्याची कवडी पडत नाही, विरजण कितीही चांगलं असलं तरी ते सैलसरच राहतं. शिवाय बहुतेक दूध होमोजिनाइज केलेलं, म्हणजे तापवून ठेवलं तरी वर सायीचा थर धरत नाही. साय नाही तर लोणी नाही, आणि लोणी नाही तर घरचं तूप नाही. उपाय सोपा आहे: डब्यावर नुसतं ‘पाश्चराइज्ड’ लिहिलेलं बघून घ्यायचं, आणि काचेच्या बाटलीतलं ‘क्रीम-टॉप’ मिळालं तर सोन्याहून पिवळं. ते होमोजिनाइज केलेलं नसतं. माझ्या घरी त्याच्या सायीचं लोणी निघतं, आणि तूप कढताना जो वास सुटतो तो थेट नागपूरच्या महाल भागातल्या आजीच्या घरचा.

पण वहिनीचा प्रश्न मॅडिसनचा नव्हता, नागपूरचा होता. आणि इथे चिंता वेगळी आहे.

आपल्याकडे दूध म्हटलं की पहिली शंका भेसळीची: पाणी घातलं का, युरिया घातला का. केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, २०१८ मध्ये देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने घेतले. त्यांतले ९३ टक्के पिण्यास सुरक्षित निघाले. युरिया, डिटर्जंट यांसारखी आरोग्याला घातक भेसळ फक्त १२ नमुन्यांत होती. फॅट, एसएनएफ (म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) अशा दर्जाच्या कसोट्यांवर पुष्कळ नमुने उणे पडले, तो भाग वेगळा. पण ज्या गोष्टीबद्दल आपण कधी बोलतच नाही ती होती अफ्लाटॉक्सिन एम-१, म्हणजे बुरशीपासून येणारं एक विष. ती मर्यादेबाहेर आढळली ३६८ नमुन्यांत, म्हणजे साडेपाच टक्क्यांहून जास्त. आणि ती गवळी दुधात घालत नाही. ती येते जनावराच्या खुराकातून.

इथे आपल्या विदर्भाचा संबंध येतो. आपल्या जनावरांचा खुराक म्हणजे कडबा, कुटार, तुरीची चुनी आणि सगळ्यात आधी सरकीची ढेप, म्हणजे कापसाच्या बियांतून तेल काढल्यावर उरते ती पेंड. कापसाच्या मुलखात दुसरं काय असणार! ढेप ओलसर गोदामात पडून राहिली, पावसाळ्यात तिला बुरशी धरली, की त्या बुरशीचं विष तयार होतं. जनावराने ती ढेप खाल्ली की ते विष रूप बदलून दुधात उतरतं. दूध कितीही उकळा, ते जात नाही. शेंगदाण्याच्या ढेपेचं आणि मक्याचंही तेच. ऑरगॅनिक ढेप असली तरी तिलाही बुरशी धरतेच, त्याला फक्त कोरडी साठवण हाच इलाज.

दुसरी गोष्ट याहून सरळ आहे. भारतात बीटी, म्हणजे जनुकबदल केलेल्या, कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली, आणि आज आपल्याकडचा जवळजवळ सगळा कापूस बीटीच आहे. सेंद्रिय प्रमाणीकरणात जनुकबदल बियाण्याला जागा नाही. म्हणजे बाजारातली सरकी ढेप चारणारा गोठा आपलं दूध ऑरगॅनिक म्हणून विकत असेल, तर ते त्या शब्दाच्या नियमात बसत नाही. त्या ढेपेचं दूध वाईट असतं असं मी अजिबात म्हणत नाही. आपण सगळे त्यावरच वाढलो. पण ज्या नावाचे दुप्पट पैसे घेता, ते नाव खरं असावं एवढंच.

म्हणून वहिनीला घेऊन हिंगण्याकडच्या एका गोठ्यावर गेले. पत्रक त्यांचंच होतं. गोठा स्वच्छ, म्हशी धुतलेल्या, पाण्याचे फवारे सुरू, ४५ अंशांच्या उन्हात जनावरांची एवढी काळजी बघून बरं वाटलं. मालक अगत्याने बोलले. मी विचारलं, “भाऊ, ढेप कोणती देता?”

“सरकीचीच ताई. त्याच्याबिना म्हैस फॅट देते का?”

“आणि कुठून आणता?”

“बाजारातून. इथं सगळे तिथूनच आणतात.”

माणूस प्रामाणिक होता. पत्रकावरचा शब्द कुणीतरी छापून दिलेला, त्यामागे नियम आहेत हे त्यांच्यापर्यंत पोचलेलंच नव्हतं. मी त्यांना प्रमाणित सेंद्रिय मालावर असतं त्या ‘जैविक भारत’ बोधचिन्हाबद्दल सांगितलं. आपल्याकडे एफएसएसएआयचे सेंद्रिय अन्नाचे नियम २०१७ चे आहेत. प्रमाणपत्राचे दोन मार्ग: एक अपेडाच्या, म्हणजे शेतमालाची निर्यात बघणाऱ्या केंद्राच्या संस्थेच्या, एनपीओपी योजनेतून, दुसरा शेतकऱ्यांच्या गटाने एकमेकांची शेतं तपासायचा पीजीएस-इंडिया. लहान शेतकरी थेट गिऱ्हाइकाला विकत असेल तर त्याला प्रमाणपत्रातून सूट आहे, पण मग ते बोधचिन्ह त्याला लावता येत नाही. त्यांनी मन लावून ऐकलं आणि चुलतभावाच्या शेतात जवस आणि तीळ होतात, त्यांची ढेप करून बघायचा विचारही बोलून दाखवला. जवस, तीळ, तूर यांच्या जनुकबदल जाती आपल्याकडे शेतात नाहीत, त्यामुळे ती वाट खरंच मोकळी आहे. तसं विदर्भातल्या कुणी केलं तर त्या दुधाला जास्त भाव द्यायला मी आनंदाने तयार आहे.

बाटल्यांवर आणखी एक अक्षर मोठं छापलेलं असतं: ए-२. त्याचा आणि ऑरगॅनिकचा काही संबंध नाही. दुधातल्या बीटा-केसिन या प्रथिनाचा तो प्रकार, ए-१ पेक्षा एका अमिनो आम्लाचा फरक. आपल्या गवळाऊसारख्या देशी गाईंचं दूध बहुतांश ए-२ च असतं, आणि म्हशीचंही. म्हणजे नागपुरी म्हशीचं साधं दूध पिणाऱ्या घरात ते आधीपासूनच येतं आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये एफएसएसएआयने पाकिटांवरून ए-१, ए-२ हे दावे काढायला सांगितलं, आणि काही दिवसांतच तो आदेश मागेही घेतला. त्या अक्षरासाठी पैसे मोजावेत असं मला वाटत नाही. गवळाऊ गाई जपण्यासाठी, वर्धा-नागपूरकडच्या गोपालकांना हात देण्यासाठी घ्या. ते कारण पुरेसं मोठं आहे.

वहिनीला मी काय सांगितलं ते लिहिते. भाच्यासाठी सध्या चांगल्या डेअरीचं पाश्चराइज्ड दूध, फॅट कमी न केलेलं. दोन वर्षांपर्यंत मुलांना ती स्निग्धता हवी असते. दिवसाला अर्धा लिटरच्या वर नाही, नाहीतर पोट दुधानेच भरतं, वरणभात मागे पडतो आणि अंगातलं लोह कमी होतं. पाकीट सकाळी दारात उन्हात पडून राहू नये म्हणून दूधवाल्या पोराला वेळ बांधून द्यायची, मेच्या नागपुरात तासाभरानेही फरक पडतो. बाटलीतलं कच्चं दूध कधी आणलंच, तर ऑरगॅनिक असो, देशी गाईचं असो, काही असो, उकळी आल्याशिवाय बाळाला द्यायचं नाही. “ताजं आहे, तसंच पाजा” असं सांगणारे विक्रेते इथेही आहेत आणि अमेरिकेतही. त्यांचं ऐकू नका, तान्ह्या-लहानग्यांना त्यातून होणारे आजार गंभीर असतात.

आणि गवळीभाऊंचं दूध बंद करू नकोस म्हटलं. मोठ्यांच्या चहाला, दह्याला, सायीला तेच चांगलं. फक्त पावसाळा लागायच्या आधी त्यांना विचार, ढेपेची पोती कुठे ठेवता. जमिनीपासून उंच फळ्यांवर आणि भिंतीपासून लांब ठेवत असतील तर उत्तम, नसतील तर सांगून बघ. दोन फळ्यांचाच खर्च आहे.