पिठातल्या भुंगेऱ्याची १५८ आणि ३६०ची शिडी : माझा अनुभव

सांगलीच्या गिरण्यांतल्या झाडलोटीच्या पिठात तांबडे भुंगेरे मुबलक सापडतात. मात्र 'तांबडा भुंगेरा' या एका नावाखाली दोन जाती येतात, ट्रायबोलियम कॅस्टेनियम आणि ट्रायबोलियम कन्फ्यूजम. भिंगाखाली मिशा पाहाव्या लागतात. कॅस्टेनियमच्या मिशीचे शेवटचे तीन मणी एकदम फुगलेले असतात, तर कन्फ्यूजमची मिशी टोकाकडे हळूहळू जाड होत जाते. हळदीच्या पोत्यात निघणारा छोटा गोलसर किडा, म्हणजे लॅसिओडर्मा, यांतला नव्हे. तो आधीच बाजूला काढायचा.

या दोन जातींचा सॅटेलाइट डीएनए पाहणे हे आमचे काम होते. सॅटेलाइट म्हणजे एकच तुकडा हजारो वेळा, एकामागे एक, बहुतेक सेंट्रोमिअरच्या (गुणसूत्राच्या आवळलेल्या भागाच्या) आसपास जोडलेला. कॅस्टेनियममध्ये हा तुकडा सुमारे ३६० बेसजोड्यांचा (म्हणजे डीएनएच्या अक्षरजोड्यांचा) असतो, कन्फ्यूजममध्ये सुमारे १५८चा, आणि दोघांच्या क्रमात साम्य नाही. डोळ्यांना जवळपास सारखे दिसणारे किडे या बाबतीत एकमेकांना ओळखही देत नाहीत. मला हे काम सर्वांत जास्त याचसाठी आवडते.

पहिली अडचण डीएनए काढताना येते. प्रौढ भुंगेऱ्याच्या ग्रंथींतून क्विनोन सुटतात. पीठ गुलाबी होऊन उग्र वास येतो तो याच द्रव्यामुळे. प्रौढ किडे वाटले की द्रावण तपकिरी पडते, क्विनोन डीएनएला चिकटतात आणि पुढे डीएनए ठरावीक जागी कापणारे एन्झाइम कापतच नाही. म्हणून कोष घ्यावेत. कोषात या ग्रंथींचा स्राव नसतो. शिवाय कोषात जाण्यापूर्वी अळी आतडे रिकामे करते, त्यामुळे गव्हाचा डीएनएही सोबत येत नाही. कणकेत वीसावा भाग वाळवलेले यीस्ट मिसळून प्रौढ तीन दिवस अंडी घालायला सोडले, मग चाळून काढले, की ३० अंशांना चौथ्या आठवड्यात कोष मिळतात.

चाळीस कोष ७० टक्के अल्कोहोलमध्ये धुऊन, गोठवून, थंड खलात वाटले. त्यावर पेशी फोडणारे द्रावण, म्हणजे १ टक्का एसडीएस, १०० मिलिमोलर ईडीटीए, १० मिलिमोलर ट्रिस (पीएच ८) आणि मिलिलिटरला २०० मायक्रोग्रॅम प्रोटिनेज के घालून ५५ अंशांवर रात्रभर ठेवले. मग प्रथिने काढायला २५:२४:१ प्रमाणातले फिनॉल-क्लोरोफॉर्म-आयसोअमाइल अल्कोहोल दोनदा, आणि शेवटी नुसते क्लोरोफॉर्म. आरएनेज (आरएनए तोडणारे एन्झाइम) देऊन ३७ अंशांवर एक तास ठेवणे चुकवू नये. उरलेला आरएनए जेलच्या (डीएनएचे तुकडे विजेने लांबीनुसार वेगळे करणाऱ्या थराच्या) तळाशी धुरकट पट्टा पाडतो आणि नेमका तिथेच १५८चा बँड बसतो. सोडियम अॅसिटेट एक दशांश, थंड इथेनॉल अडीच पट घालून डीएनए खाली बसवला. पिपेटची टोके कापून रुंद करा, नाहीतर लांब धागे तुटतात.

कापायला असे एन्झाइम हवे, जे प्रत्येक तुकड्यात एकदाच कापते. चार-पाच एन्झाइमे प्रत्येकी एक मायक्रोग्रॅम डीएनएवर तपासली. एन्झाइम मायक्रोग्रॅमला १० युनिट, ३७ अंशांवर चार तास. त्याचे आकारमान एकूण मिश्रणाच्या दहाव्या भागाहून जास्त नको. ग्लिसरॉल वाढले की एन्झाइम चुकीच्या जागीही कापू लागते. जेल २ टक्क्यांचे. एक गोष्ट आम्हाला दोन जेल वाया घालवून कळली : ब्रोमोफिनॉल ब्लू हा निळा रंग २ टक्क्यांच्या जेलमध्ये साधारण १५० बेसजोड्यांपाशीच धावतो आणि १५८चा बँड त्याच्या सावलीत नाहीसा होतो. त्याऐवजी ऑरेंज जी हा रंग वापरला की तो बँड स्पष्ट दिसला.

एन्झाइम बरोबर निवडले गेले, तर जेलवर शिडी उभी राहते : कॅस्टेनियममध्ये ३६०, ७२०, १०८०, तर कन्फ्यूजममध्ये १५८, ३१६, ४७४. ७२०चा बँड दिसला की मनात प्रश्न येतो, हे काप अर्धवट राहिले म्हणून की दोन तुकड्यांमधली कापण्याची जागाच बदलली म्हणून? त्याच डीएनएला दुप्पट एन्झाइम देऊन रात्रभर ठेवले. ७२० फिकट झाला नाही, म्हणजे ती जागा खरोखर बदललेली आहे. शिडीची प्रत्येक वरची पायरी हा त्या बदलाचा ठसा असतो.

पुढच्या टप्प्यावर दोन सापळे आहेत. पीसीआरमध्ये (डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या प्रक्रियेत) तुकडे एकमेकांवर बसून खोटी लांबी तयार करतात, म्हणून आवर्तने २५च्या आत. आणि क्लोनिंग करताना, म्हणजे तुकडा जिवाणूत घालून वाढवताना, जिवाणू एकसारखे तुकडे आपसात जोडून मधला भाग गाळतात, म्हणून ही जोडणी करणारे रेकए प्रथिन नसलेला जिवाणूंचा प्रकार, डीएच५अल्फासारखा, वापरावा.

आता उत्क्रांतीचा भाग. हजारो प्रती एकमेकींसारख्या राहतात, कारण जनुकीय अदलाबदलीतून एक बदल सगळीकडे पसरतो किंवा पुसला जातो. मग दोन जातींचे तुकडे इतके वेगळे कसे? १९७७ साली फ्राय आणि साल्सर यांनी मांडलेली 'लायब्ररी'ची कल्पना येथे उपयोगी पडते. जवळच्या जातींकडे सॅटेलाइटांचा एकच समान साठा असतो आणि प्रत्येक जात त्यातला एखादा फुगवते, बाकीचे थोड्या प्रतींत पडून राहतात. पॅलोरस या भुंगेऱ्यांच्या वंशातल्या जातींवर १९९८ मध्ये याचा प्रायोगिक पुरावा मिळाला. त्यामुळे एखाद्या जातीत एखादा तुकडा दिसला नाही, म्हणजे तो नाही असे समजू नये. जेलवर केवळ विपुल प्रत दिसते. अल्प प्रती पाहण्यासाठी संवेदनशील संकरण (खूण लावलेला डीएनए जोडून शोधणे) करावे लागते.

२००८ मध्ये कॅस्टेनियमचा पूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला, भुंगेऱ्यांतला तो पहिला. पण त्या जुळणीत, म्हणजे छोटी वाचने जोडून उभारलेल्या क्रमात, हे पुनरावर्ती भाग फार कमी आले, कारण एकसारखे छोटे तुकडे एकावर एक रचले जाऊन ढासळतात. म्हणून नुसत्या जुळणीवर सॅटेलाइटचे प्रमाण ठरवू नये. न जुळवलेल्या छोट्या वाचनांवर गट पाडून मोजणे अधिक विश्वासाचे.

आरएनएवर काम करायचे असेल, तर एक इशारा. ट्रायबोलियममध्ये उष्णतेचा ताण आला की सॅटेलाइटचे आरएनए वाढतात. मे महिन्यातल्या सांगलीत खोली चाळिशीकडे जाते, वीज गेली तर इनक्युबेटरही. अशा दिवशी काढलेला आरएनए टाकून द्यावा. डीएनएला मात्र तो दिवस चालतो.