श्रद्धा दुखावली, पुढे काय?

सकाळपासून आसिया बीबीची हकिकत डोक्यातून जात नाहीये, म्हणून झोपण्याआधी लिहून काढतेय. पाकिस्तानातली ख्रिस्ती शेतमजूर बाई. २००९ च्या जूनमध्ये शेतात फळं तोडताना पाणी आणायला गेली आणि तिथल्याच पेल्याने प्यायली. सोबतच्या मुस्लिम बायकांनी ते पाणी बाटलं म्हणून नाकारलं. शब्दाने शब्द वाढला. मग तिच्यावर पैगंबरांच्या निंदेचा आरोप, २०१० मध्ये फाशीची शिक्षा, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयातून सुटका. तिची बाजू घेणारे राज्यपाल सलमान तासीर यांना २०११ मध्ये त्यांच्याच अंगरक्षकाने गोळ्या घालून मारलं.

श्रद्धा जपण्यासाठी केलेला कायदा एका श्रद्धाळू बाईच्याच जिवावर उठला. मला यात नवल वाटत नाही. येशू देवाचा पुत्र आहे, हा ख्रिस्ती माणसाच्या श्रद्धेचा गाभा. ईश्वराला पुत्र नाही, हा मुसलमानाच्या श्रद्धेचा. दोघंही मनापासून बोलतात आणि दोघांचं बोलणं एकमेकांना निंदाच वाटू शकतं. मग सरकारने कुणाचं तोंड बंद करायचं? जिथे जो थोडा, त्याचंच होणार. म्हणून मला वाटतं, बोलण्याच्या स्वातंत्र्याची गरज नास्तिकाइतकीच भाविकालाही आहे.

पण म्हणून वाटेल तसं बोलावं, असं मला कधीच वाटलेलं नाही. आईच्या देवाबद्दल मला काय वाटतं ते मी तिला स्पष्ट सांगितलंय, पण ती हात जोडून बसलेली असताना नाही. तिनेही मला भरपूर सुनावलं. एवढी मोकळीक आणि एवढी जाण एकाच घरात नांदू शकते, हे मी रोज बघते.

डेन्मार्कने ईशनिंदेचा जुना कायदा २०१७ मध्ये रद्द केला. पुढे कुराण जाळण्याचे प्रकार वाढले, तेव्हा २०२३ च्या डिसेंबरमध्ये धर्मग्रंथांची जाहीर विटंबना हा गुन्हा ठरवला. ज्यांचा ग्रंथ जळला त्यांच्या काळजात काय झालं असेल, ते मला कळतं. तरीही मी त्या कायद्याच्या बाजूने मत दिलं नसतं. माणसांवर हल्ला करायला चिथावणी दिली तर पोलिसांनी जरूर धरावं. ग्रंथ जाळणाऱ्याला मात्र शेजाऱ्यापाजाऱ्यांनीच तोंडावर सांगायला हवं, की तू वाद घालत नाहीयेस, माणसांना डिवचतोयस.